नागमोडी केसांचा प्रकार आणि पोत कसा ओळखावा: केस धुण्यापासून नोंदीपर्यंतचे टप्पे

आपल्या केसांचा प्रकार पाहण्यासाठी बहुतेक जण आरशासमोर उभे राहतात, तेव्हा केस कोरडे, नुकतेच विंचरलेले आणि आदल्या दिवशीच्या तेलाने किंवा सिरमने माखलेले असतात. नागमोडी केसांची पारख इथेच फसते. सरळ केस विंचरले तरी सरळच दिसतात आणि दाट कुरळे केस विंचरले तरी कुरळेपणा लपत नाही. नागमोडी केसांची लाट मात्र कंगव्याच्या चार फटक्यांत मोडते आणि मागे उरतो तो पिंजारलेला, ना सरळ ना कुरळा असा आकार. मग ‘माझे केस खराब आहेत’ असा निष्कर्ष निघतो, किंवा चुकीचा प्रकार ठरवून त्यानुसार महिनोन्‌महिने चुकीची उत्पादने वापरली जातात.

या लेखातील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. क्रम बदलला तर पुढच्या टप्प्याचे निरीक्षण बिघडते, कारण बहुतेक निरीक्षणे केस पूर्ण स्वच्छ आणि कोणत्याही लेपाशिवाय असण्यावर अवलंबून आहेत.

## सुरुवातीला: चार वेगळ्या गोष्टींची गल्लत करू नये

‘प्रकार’ आणि ‘पोत’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात आणि बराचसा गोंधळ त्यातूनच होतो. तपासायच्या गोष्टी चार आहेत. पहिली म्हणजे वळण, अर्थात केस किती आणि कुठून वळतो. दुसरी जाडी, म्हणजे एकेका केसाचा व्यास. काटेकोर अर्थाने पोत म्हणतात तो हाच. तिसरी दाटपणा, म्हणजे डोक्यावर केस किती आहेत. चौथी सच्छिद्रता, म्हणजे केस पाणी किती सहज आत घेतो आणि किती लवकर सोडतो.

प्रचलित वर्गीकरणात १ म्हणजे सरळ, २ म्हणजे नागमोडी, ३ म्हणजे कुरळे आणि ४ म्हणजे अतिशय घट्ट वळणाचे केस. २ या गटाचे २-ए, २-बी आणि २-सी असे तीन पोटभाग आहेत. हे अक्षर फक्त वळणाविषयी सांगते. माझ्या परिचयातील दोन बहिणींचे केस निःसंशय २-बी आहेत. पण एकीचा केस इतका बारीक आहे की चिमटीत जाणवत नाही, तर दुसरीचा राठ आणि जाड आहे. दोघींनी एकच घट्ट क्रीम वापरले तेव्हा पहिलीचे केस दोन तासांत चपटे आणि तेलकट झाले, दुसरीचे सुरेख बसले. अक्षर एकच होते, फरक पडला तो जाडीमुळे. म्हणूनच अक्षर शोधून थांबणे ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते.

## टप्पा १: दिवस निवडणे आणि तयारी

केस नैसर्गिकरीत्या वाळण्यास कित्येक तास लागू शकतात, म्हणून घराबाहेर पडण्याची घाई नसलेला दिवस निवडावा. आदल्या रात्रीपासून वेणी, अंबाडा किंवा घट्ट पोनीटेल बांधू नये.

एक वही, मोजपट्टी, पांढरा कागद, पाण्याचा फवारा, रुंद दातांचा कंगवा आणि जुना, मऊ झालेला सुती टी-शर्ट जवळ ठेवावा. केसांचा रंग फिका असेल तर पांढऱ्याऐवजी गडद कागद घ्यावा. फोटो काढायचे असल्यास प्रत्येक वेळी एकाच जागी, एकाच उजेडात काढावेत. खिडकीजवळचा दिवसाचा प्रकाश उत्तम.

खबरदारी: केसांवर रासायनिक स्ट्रेटनिंग, स्मूदनिंग किंवा पर्मिंग झालेले असेल तर त्या लांबीवरून नैसर्गिक वळण कळणार नाही. फक्त मुळाकडून नव्याने आलेला भाग पाहावा. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतात आणि सैल लाट दिसायला काही सेंटिमीटर लांबी लागते, त्यामुळे निदान सात-आठ महिने थांबणे भाग आहे. दोन महिन्यांचे मूळ सरळ दिसले म्हणून केस सरळ आहेत असे मानू नये.

## टप्पा २: केस कोरे करणे

केसांवर साचलेले तेल, सिलिकॉन आणि जेलचे थर निघाल्याशिवाय खरे वळण दिसत नाही, कारण या थरांच्या वजनाने सैल लाट खाली ओढली जाते. त्यासाठी साचलेला थर काढणारा, ‘क्लॅरिफाइंग’ म्हणून मिळणारा शाम्पू एकदाच वापरावा. डोक्यावर तेल असेल तर दोनदा धुवावे लागेल. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतील, तर केस धुतल्यावरही कडक आणि निस्तेज लागतात. अशा वेळी घटकांच्या यादीत ईडीटीए असलेला, क्षार काढणारा शाम्पू निवडावा.

शाम्पू बोटांच्या टोकांनी डोक्याच्या त्वचेवर चोळावा. केसांचा गोळा करून घासू नये. खाली ओघळणारा फेस लांबीसाठी पुरेसा असतो.

यानंतर कंडिशनर लावावा, पण फक्त कानांच्या खालच्या लांबीवर आणि थोडाच. कंडिशनर अजिबात न लावल्यास गुंता होतो आणि तो सोडवताना लाट विस्कटते. कंडिशनर केसांवर असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून सुरुवात करून वर जात गुंता सोडवावा आणि मग केस निसरडे लागेनासे होईपर्यंत धुवावेत. एका कानामागची बोटभर जाडीची एक बट मात्र कंडिशनरशिवाय ठेवावी. टप्पा ७ मध्ये ती लागणार आहे आणि बहुतेक जण नेमके हेच विसरतात.

तपासणी: ओल्या केसांवरून दोन बोटे ओढावीत. मेणचट किंवा बुळबुळीत थर जाणवला तर केस अजून कोरे झालेले नाहीत.

## टप्पा ३: हात न लावता वाळवणे

या टप्प्यात करायचे थोडे आणि टाळायचे पुष्कळ आहे. केस कोणत्या आकारात वाळतो याला मोठे महत्त्व आहे, कारण केसांतील केराटिन या प्रथिनाच्या साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि पाणी उडून जाताना पुन्हा जुळतात. ते जुळत असताना केस ओढला, कानामागे खोचला किंवा विंचरला, तर तोच आकार पुढच्या धुण्यापर्यंत टिकतो. ओल्या केसांची वेणी घातल्यावर सरळ केसांतही लाटा दिसतात त्याचे कारण हेच.

धुऊन झाल्यावर डोके पुढे वाकवून केस मोकळे लोंबू द्यावेत आणि डोके एक-दोनदा हलके हलवावे, म्हणजे केस आपल्या मर्जीने बटांमध्ये एकत्र येतील. टी-शर्टने खालून वर दाबत पाणी टिपून घ्यावे. टॉवेलने खसाखसा पुसू नये, कंगवा फिरवू नये, जेल किंवा मूस (फेसासारखे केसांना लावायचे उत्पादन) लावू नये आणि जोराच्या पंख्याखाली बसू नये. कानामागील राखलेल्या बटेखेरीज आणखी एक पेन्सिलीएवढी बट निवडून ती ओली असतानाच हलक्या हाताने सरळ धरावी आणि तिची लांबी वहीत लिहावी. बट ओढून ताणू मात्र नये.

केस वाळत असताना एकाच बटेकडे लक्ष ठेवले तर पुष्कळ कळते. सुरुवातीला पाण्याच्या वजनाने ती जवळपास सरळ लोंबते आणि टोकाशी थेंब धरलेला असतो. थेंब गळून गेल्यावर खालचा भाग किंचित वर सरकतो, मग मधोमध पहिला बाक दिसतो आणि बट निम्मी वाळेपर्यंत लाटेची सुरुवात कुठे आहे हे स्पष्ट होते. याच वेळी एक फोटो घ्यावा. पूर्ण वाळल्यावर वरचे सुटे केस आकार थोडा झाकून टाकतात, त्यामुळे अर्धवट वाळलेल्या केसांचा फोटो पुढे फार उपयोगी पडतो.

खबरदारी: केस ओले असताना झोपू नये. उशीखाली दबलेल्या केसांचा आकार हा उशीचा आकार असतो.

## टप्पा ४: वळण वाचणे

केस पूर्ण वाळले, म्हणजे मुळाशी बोट लावल्यावर गारवा जाणवेनासा झाला, की निरीक्षण सुरू करावे. प्रथम लाट कुठून सुरू होते ते पाहावे, तिची खोली नंतर.

मुळापासून साधारण मध्यापर्यंत केस सरळ आणि डोक्यालगत चपटे, त्याखाली सैल, ताणलेल्या एस अक्षरासारखी लाट आणि बोटाने ओढताच ती जवळपास नाहीशी होत असेल, तर ते २-ए. वरचा भाग सपाट, पण डोळ्यांच्या किंवा गालाच्या उंचीपासून ठळक एस दिसत असेल आणि हवेत ओलावा असताना केस पिंजारत असतील, तर २-बी. लाट मुळाजवळूनच सुरू होत असेल, एस खोल असेल, केसांना मुळापासून उठाव असेल आणि मधूनमधून पिळदार बटाही दिसत असतील, तर २-सी.

२-सी आणि कुरळ्या ३-ए केसांतील सीमा पुष्कळांना कळत नाही. त्यासाठी एक सोपी रीत आहे. एक सुटी बट टोकाशी धरून, न ओढता, टोकाकडून मुळाकडे लांबीच्या दिशेने पाहावे. लाट ही डावीकडे-उजवीकडे जाते, म्हणून बट अशी पाहिल्यास आडवी पट्टी दिसते. कुरळा केस स्वतःभोवती फिरतो, म्हणून कडे दिसते. बहुतांश बटांमध्ये पूर्ण कडे दिसत असेल तर केस कुरळ्या गटात मोडतात, दोन-चार बटांतच दिसत असेल तर २-सी.

हे निरीक्षण कपाळालगत, डोक्याच्या माथ्यावर, दोन्ही कानांच्या बाजूंना आणि मानेलगत असे वेगवेगळे करावे. सबंध डोक्यावर एकच वळण असणे ही अपेक्षाच चुकीची आहे. वरचा थर ऊन, कंगवा आणि ड्रायर यांचा मारा सोसतो, त्यामुळे तो बहुधा अधिक सैल किंवा अधिक पिंजारलेला असतो आणि आतल्या थरात लाट शाबूत असते. माथ्यावर २-ए आणि आत २-सी दिसले तर दोन्ही लिहावे. सरासरी काढून २-बी लिहू नये, कारण तसे केस त्या डोक्यावर कुठेच नाहीत.

शेवटी टप्पा ३ मधील बटेची कोरडी, मोकळी लोंबती लांबी मोजून ओल्या लांबीशी ताडून पाहावी. फरक जितका जास्त, तितके वळण खोल. केस कापताना हा आकडा कामी येतो.

खबरदारी: लांब केस स्वतःच्या वजनाने लाट ओढून धरतात. कंबरेपर्यंतच्या २-बी केसांत २-ए दिसू शकते, आणि कापल्यावर ‘केस अचानक बदलले’ असे वाटते.

## टप्पा ५: एकेका केसाची जाडी

केस उपटू नयेत. विंचरताना आपोआप गळलेले, वेगवेगळ्या भागांतील पाच-सहा केस पुरेत. एक केस कागदावर ठेवून पाहावा, मग अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून हलका फिरवावा. चिमटीत काहीच जाणवत नसेल तर केस बारीक. आहे एवढेच कळत असेल तर मध्यम. ताठ तारेसारखा स्पष्ट लागत असेल तर जाड. माणसाच्या डोक्यावरील केसाचा व्यास बहुधा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे बारीक आणि जाड केसांत दुपटीचा फरक सहज पडतो.

केसाची तुलना शिवणकामाच्या दोऱ्याशी करावी असा सल्ला फार ठिकाणी दिला जातो. तो सोडून द्यावा. साधा दोराही केसापेक्षा बराच जाड असतो, त्यामुळे त्या कसोटीवर सगळ्यांचेच केस बारीक ठरतात.

कानशिलाजवळचे केस इतरांहून बारीक असणे स्वाभाविक आहे. केवळ त्यांवरून निर्णय घेऊ नये.

## टप्पा ६: दाटपणा

केस नैसर्गिक पडतील तसे सोडून, भांग न पाडता, वरून आणि मागून पाहावे. डोक्याची त्वचा सहज दिसत असेल तर केस विरळ, केस बाजूला सारल्याशिवाय दिसत नसेल तर दाट. दुसरा अंदाज पोनीटेलच्या घेरावरून येतो: ५ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर विरळ, १० पेक्षा जास्त दाट, मधला मध्यम. मात्र जाड केसांमुळेही घेर वाढतो, त्यामुळे दोन्ही रीतींनी पाहूनच नोंद करावी. ‘केस बारीक आहेत’ म्हणजे ‘केस कमी आहेत’ असे नव्हे. बारीक पण अतिशय दाट केसांची डोकी भरपूर असतात आणि चुकीच्या सल्ल्याचा फटका त्यांनाच जास्त बसतो.

## टप्पा ७: सच्छिद्रता

पाण्याच्या पेल्यात केस टाकून तो बुडतो की तरंगतो हे पाहण्याची चाचणी सर्वांत लोकप्रिय आहे आणि माझ्या मते सर्वांत निरुपयोगी. केस मुळातच पाण्यापेक्षा जड असतो. तो तरंगतो तो पाण्याच्या पृष्ठताणामुळे, केसाला चिकटलेल्या हवेमुळे किंवा वरच्या स्निग्धतेमुळे. एकाच डोक्यावरचे दोन केस, एक बोटाने दाबून सोडलेला आणि एक अलगद ठेवलेला, परस्परविरुद्ध उत्तरे देतात.

त्याऐवजी कानामागची कंडिशनर न लावलेली बट घ्यावी. ती पूर्ण कोरडी असताना तळहातावर पसरून तिच्यावर एकदाच बारीक फवारा मारावा आणि मिनिटभर बारकाईने पाहावे. पाण्याचे थेंब मण्यांसारखे केसांवर तसेच उभे राहिले तर सच्छिद्रता कमी आहे, म्हणजे केसाच्या बाहेरील खवले घट्ट मिटलेले आहेत. थेंब हळूहळू पसरून मुरले तर मध्यम. फवारा पडताक्षणी बट गडद होऊन ओली झाली तर सच्छिद्रता जास्त.

हीच कृती त्या बटेच्या मुळाजवळ आणि टोकाजवळ वेगवेगळी करावी. महिन्याला १ सेंटिमीटर या वेगाने ३० सेंटिमीटर लांबीच्या केसाचे टोक साधारण अडीच वर्षांचे असते. एवढ्या काळातील ऊन, घर्षण, उष्णता आणि रंग यांनी तेथील खवले झिजलेले असतात. मुळाशी थेंब उभे राहावेत आणि टोकाशी लगेच मुरावेत, हे नेहमीचे चित्र आहे. अशा केसांना मुळापासून टोकापर्यंत एकच उत्पादन सारख्या प्रमाणात लावणे म्हणजे एका टोकावर अन्याय करणे होय.

खबरदारी: केस किती वेळात वाळतात यावरून सच्छिद्रता ठरवू नये. दाट केस सच्छिद्र असूनही उशिरा वाळतात.

## टप्पा ८: लवचीकता आणि पिंजारण्याचे कारण

एक गळलेला केस ओला करून दोन्ही टोकांनी हळू ताणावा. निरोगी ओला केस मूळ लांबीच्या सुमारे ३० टक्के ताण सहन करून पूर्ववत होतो, म्हणजे १० सेंटिमीटरचा तुकडा १३ सेंटिमीटरपर्यंत जाऊन परत येतो. ताणताच तुटत असेल तर केस ठिसूळ झालेला आहे. रबरासारखा ताणला जाऊन परतच येत नसेल तर आतील प्रथिनांची रचना बिघडलेली आहे. ब्लीच केलेल्या केसांत दुसरा प्रकार वारंवार आढळतो.

आता डोक्याभोवती उभे राहणारे आखूड केस पाहावेत. त्यांतील एखादा कागदासमोर धरावा. टोक निमुळते असेल तर तो नवा उगवलेला केस आहे. टोक बोथट, चिरफाळलेले किंवा मध्येच तुटल्यासारखे असेल तर तो तुटलेला आहे. नव्या केसांवर उपचार करण्याची गरज नसते, तुटलेल्यांवर करावे लागतात. दोन्ही दुरून एकसारखेच दिसतात, म्हणून ही तपासणी टाळू नये.

## टप्पा ९: नोंदीवरून निवड

वहीत एकाच ओळीत सगळे लिहावे: ‘माथा २-ए, आत २-बी, बारीक, दाट, मुळाशी कमी सच्छिद्र, टोकाशी जास्त, ताण ठीक.’ यातील वळणापेक्षा जाडी आणि सच्छिद्रता यांना निवडीत अधिक वजन द्यावे.

बारीक केसांना हलका मूस किंवा पातळ जेल पुरते; बटर आणि घट्ट तेले त्यांची लाट चपटी करतात. जाड आणि जास्त सच्छिद्र केसांना लीव्ह-इन क्रीम, म्हणजे धुऊन न टाकता केसांवर तसेच ठेवायचे क्रीम, आणि त्यावर जेल असा दुहेरी थर मानवतो. कमी सच्छिद्र केसांवर उत्पादन वरच साचते, म्हणून ते कमी घ्यावे, कोमट पाण्याने धुवावे आणि अधूनमधून क्लॅरिफाइंग शाम्पूने थर काढावा. प्रथिनयुक्त उपचार ताणल्यावर परत न येणाऱ्या केसांसाठी आहेत. निरोगी केसांवर त्यांचा मारा केल्यास केस कडक लागू लागतात.

लावण्याचा क्रमही चुकवू नये. प्रथम कंगव्याने गुंता सोडवावा, मग निथळत्या ओल्या केसांना उत्पादन लावावे, मग मुठीत घेऊन खालून वर दाबावे, आणि त्यानंतर केस वाळेपर्यंत हात लावू नये. जेल वाळल्यावर केसांवर कडक कवच येते. ते पाहून घाबरून बहुतेक जण केस अर्धवट ओले असतानाच ते मोडतात आणि पिंजारलेले केस पदरी पडतात. कवच पूर्ण वाळल्यावर तळहातांनी हलकेच चुरगाळले की आत मऊ लाट मोकळी होते. ड्रायर वापरायचाच असेल तर डिफ्यूझर, म्हणजे हवेचा झोत पसरवणारे रुंद तोंड, लावून, कमी उष्णतेवर आणि कमी झोतावर वापरावा.

तपासणी: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तीन-चार धुण्यांपर्यंत तशीच ठेवावी. शाम्पू, क्रीम आणि जेल एकदम बदलले तर बिघाड कशामुळे झाला हे कधीच कळत नाही.

## टप्पा १०: पुन्हा कधी तपासावे

पहिल्या तपासणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी, शक्यतो वेगळ्या हवेत, टप्पा २ ते ४ पुन्हा करावेत. ओलसर आणि कोरड्या हवेत एकाच डोक्यावरची लाट वेगळी दिसते, आणि ग्लिसरीनसारखे पाणी ओढणारे घटकही त्यानुसार वेगळे वागतात. त्यानंतर मोठी काटछाट, रंग किंवा ब्लीच, गर्भारपण, वयात येणे, रजोनिवृत्ती आणि काही औषधोपचार यांनंतर संपूर्ण तपासणी नव्याने करावी, कारण या काळात वळण आणि जाडी दोन्ही बदलू शकतात.

पोत थोड्याच काळात ठळकपणे बदलला, जोडीने केस नेहमीपेक्षा बरेच जास्त गळू लागले, डोक्यावर चकत्या पडल्या किंवा त्वचेला खाज, खपल्या आणि वेदना असतील, तर उत्पादने बदलत बसू नये. वहीतील नोंदी आणि फोटो घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. बदल नेमका कधी सुरू झाला हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.